व्हिडिओ लागत नाही, म्हणून पुसू नका

आमच्या मंगळवार पेठेत कॉम्प्युटर बंद पडला की लोक दुरुस्तीवाल्याकडे धावतात, पण व्हिडिओ लागत नसला की सरळ पुसून टाकतात. "फाईलच खराब झालीया, मॅडम," असं पालक मला सांगतात आणि विषय संपतो. कुणाच्या निकाहचा, कुणाच्या अकिक्याचा, हजला निघालेल्या आजीच्या निरोपाचा व्हिडिओ असा एका बटणासरशी जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की न लागणारा व्हिडिओ पुष्कळदा धडधाकट असतो. तो वाचण्याची भाषा आपल्या कॉम्प्युटरला येत नसते, इतकंच. ही अडचण घरातल्या माणसानेच सोडवायला शिकलं पाहिजे, आणि घरातल्या मुलींनी तर नक्कीच.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे उदाहरणही तिथलंच देते. नस्तालिक वाचता येणाऱ्या माणसापुढे फारसीचं पान ठेवा. अक्षरं बहुतेक सगळी ओळखीची, पण अर्थ लागत नाही. मराठी माणसाने नेपाळी पान उघडलं तर तेच होतं. लिपी एक, भाषा वेगळी. व्हिडिओच्या नावामागे एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही असं जे लिहिलेलं असतं, ती झाली लिपी. आत चित्र आणि आवाज कमी जागेत मावावेत म्हणून एका ठरावीक रीतीने दाबून लिहिलेले असतात. त्या रीतीला कोडेक म्हणतात. ती झाली भाषा. चित्राचं कोडेक वेगळं, आवाजाचं वेगळं. म्हणून दोन्ही फायलींच्या नावात एमपी४ असूनही एक लागते आणि दुसरी लागत नाही. नुसतं नाव बदलून उपयोग होत नाही. फारसीच्या पुस्तकाला उर्दूचं कव्हर घातलं म्हणून ते उर्दूचं होत नाही.

एवढं कळलं की लक्षणावरून रोग ओळखता येतो.

आवाज येतो पण पडदा काळा राहतो, तेव्हा कॉम्प्युटरला चित्राचं कोडेक येत नाही असं समजा. सध्या हे फार होतं, कारण नवे फोन एच.२६५ या रीतीने चित्रीकरण करतात. जुनी एच.२६४ ही रीत २००३ची, तर एच.२६५ ही २०१३ची. नवीत तेवढंच चित्र साधारण निम्म्या जागेत बसतं. आयफोनमध्ये २०१७पासून ती आली. घरातला दहा-बारा वर्षांचा कॉम्प्युटर त्याआधीचा, त्याला ती कुठून कळणार? चित्र दिसतं पण आवाज नाही, तेव्हा अडचण आवाजाच्या कोडेकची असते. चित्र अडखळतं आणि आवाज पुढे पळतो, तेव्हा भाषा कळते पण यंत्राचा दम कमी पडतो. अशा वेळी फाईल पेनड्राइव्हवरून न लावता आधी कॉम्प्युटरमध्ये कॉपी करून लावावी.

आणि कुठल्याच कॉम्प्युटरवर काहीच उघडत नाही, तेव्हा फाईलचा आकार मूळ फाईलशी ताडून पाहावा. आकार कमी भरला तर कॉपी अर्धवट झाली आहे. पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने तयार केलेले असतात आणि त्यांच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावतच नाही. कधी चित्रीकरण चालू असतानाच कॅमेऱ्याची बॅटरी संपते. एमपी४ फाईलची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. ती लिहायचीच राहिली तर पानं सगळी असूनही पुस्तक उघडत नाही. अशी फाईलसुद्धा त्याच कॅमेऱ्याची दुसरी चांगली फाईल सोबत देऊन दुरुस्त करणारी साधनं आहेत. म्हणून पुसायची घाई नको.

पहिला उपाय फुकट आहे. व्हीएलसी नावाचा प्लेअर, तोच नारिंगी शंकूवाला. १९९६मध्ये पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो सुरू झाला आणि २००१पासून त्याचा कोड सर्वांना खुला आहे. बहुतेक कोडेक त्याच्या आतच असतात, वेगळं काही शोधावं लागत नाही. जुन्या व्हीसीडीतली डॅट फाईलही तो लावतो. व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबली की आत कोणतं कोडेक आहे हे तो सांगतो. चित्र तुटत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद करून पाहावं. त्यातूनच एच.२६४ची नवी प्रत काढता येते. हँडब्रेक हा फुकट प्रोग्राम तेच काम अधिक सोपेपणाने करतो. मूळ फाईल मात्र तशीच ठेवायची. "कोडेक नाही, इथे डाउनलोड करा" अशी अनोळखी पाटी पडद्यावर आली तर तिला हात लावू नये. व्हायरस घरात शिरायची ती जुनीच वाट आहे.

हे घरीच शिका असा आग्रह मी का धरते? आपल्या पुष्कळ घरांत बायकांच्या बाजूचं चित्रीकरण वेगळं असतं, ते काढायला बाईच बोलावतात. घरच्या बायका मोकळेपणाने हसतात, गातात, कारण हे बाहेर जाणार नाही असा त्यांना भरवसा असतो. मग फाईल लागली नाही की घरातला कुणी पोरगा ती इंटरनेटवरच्या एखाद्या "फुकट कन्व्हर्ट" साइटवर चढवतो. ती कुठल्या देशातल्या कुठल्या यंत्रावर गेली, किती दिवस राहिली, कुणी पाहिली, काही कळायला मार्ग नाही. दुकानात द्यायला संकोच वाटतो आणि परक्या साइटवर चढवायला वाटत नाही, हा उलटा न्याय आहे. ज्यांचे चेहरे त्यात आहेत त्यांची ती अमानत आहे. ती राखायची तर दुरुस्ती घरच्या कॉम्प्युटरवर, शक्य तर इंटरनेट बंद ठेवून व्हावी. दहावीतली मुलगी एका दुपारी हे शिकते, हे मी पाहिलं आहे.

दुसरं कारण किल्लीचं. एच.२६५वर अनेक कंपन्यांची पेटंट आहेत, म्हणूनच विंडोजमध्ये ते लावण्याची सोय काही वेळा वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते. खुल्या साधनांचाही भरवसा गृहीत धरता येत नाही. २०२२मध्ये व्हीएलसीची वेबसाइट भारतात कित्येक महिने उघडत नव्हती. कारण जाहीर झालं नव्हतं. कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा खुली झाली. व्हिडिओ माझ्या घरचा, पण तो पाहण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, ही स्थिती काही बरी नाही.

आठवणी जपल्या नाहीत की काय होतं, हे कोल्हापूरला कुणी सांगायला नको. बाबूराव पेंटरांनी १९१७मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी इथेच काढली आणि कॅमेराही इथेच घडवला. पण त्यांचा १९२०चा 'सैरंध्री' आज पाहायला मिळत नाही. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१चा. त्याची भाषा मी वर्गात शिकवते त्या उर्दूच्या अगदी जवळची. त्याचीही प्रत उरलेली नाही. त्या काळची फिल्म पेट घ्यायची, सडायची, आणि आतल्या चांदीसाठी वितळवलीही जायची. आपल्या व्हिडिओला आग लागत नाही, पण तो ज्यावर लावायचा ते यंत्रच निघून जातं. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. कपाटातल्या कॅसेटींना कोल्हापूरच्या पावसाळ्यात बुरशी चढते. घरी लिहिलेल्या सीडीचा थर उन्हाने उडतो. अब्बांचा आवाज एकाच कॅसेटीत असेल तर ती डिजिटल करून घ्यायला पुढच्या वर्षाची वाट पाहू नका.

शूटिंगवाल्यांकडे आपण मागणी करायला हवी. लग्नाचा व्हिडिओ देताना एक प्रत एच.२६४मधल्या साध्या एमपी४ची, जी जुन्या कॉम्प्युटरवरही लागेल, आणि मूळ चित्रीकरण वेगळं. हे पैसे ठरवतानाच सांगावं. शाळांनीही स्नेहसंमेलनाच्या, मुलांच्या भाषणांच्या फायली अशाच ठेवाव्यात. कॉम्प्युटरच्या तासाला आपण मुलांना चित्र रंगवायला लावतो, तिथे एक तास न लागणारी फाईल लावून दाखवायला द्यावा.

घरात एवढं करा. प्रत्येक जपण्यासारख्या व्हिडिओच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. नावात तारीख आणि प्रसंग. आणि वर्षातून एकदा, रमजानच्या आधी किंवा दिवाळीत घराची साफसफाई होते तेव्हा, हार्ड डिस्क बाहेर काढून प्रत्येक फाईल मिनिटभर लावून पाहा. लागत नसेल तर आधी व्हीएलसी, मग आकार, मग दुरुस्ती. डिलीटचं बटण सगळ्यात शेवटी, आणि तेही घरातल्या मोठ्यांना विचारूनच.