दुकान पुस्तकांचे, हिशेब किराण्याचा

अमेरिकेतील बॉर्डर्स या ग्रंथविक्री कंपनीची अखेरची दुकाने २०११ च्या सप्टेंबरात बंद झाली, तेव्हा इंटरनेटने पुस्तकाच्या दुकानाचा बळी घेतला, असा निर्वाळा अनेकांनी देऊन टाकला. हा निर्वाळा सोयीचा होता. त्यात संचालक मंडळावर कसलाच ठपका येत नव्हता.

बॉर्डर्सचा प्रारंभ १९७१ मध्ये मिशिगन राज्यातील अॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावी टॉम आणि लुई बॉर्डर्स या बंधूंनी केला. तेथे नोकरीसाठी येणाऱ्या उमेदवाराची पुस्तकांविषयी परीक्षा घेतली जाई. कोणत्या दुकानात कोणते पुस्तक खपते, याचा हिशेब ठेवणारी संगणकीय पद्धत लुई यांनी पुढे सिद्ध केली. तेव्हा ही मंडळी नव्या यंत्रांना बिचकणारी होती, असे मुळीच नव्हे. १९९२ मध्ये केमार्ट या अवाढव्य भांडारसमूहाने कंपनी विकत घेतली. तीन वर्षांनी ती पुन्हा स्वतंत्र झाली खरी. पण पुढे तिच्या प्रमुखपदी ज्या व्यक्ती येत गेल्या, त्यांच्यापैकी कोणी किराणा भांडारांत मुरलेली होती, कोणी कपड्यांच्या व्यापारात. साबणाच्या कारखानदाराकडून पैसे घ्यावेत आणि त्याच्या वड्या दर्शनी फळीवर मांडाव्यात, ही रीत किराण्यात खपून जाते, कारण साबण घेणाऱ्याला साबणच हवा असतो. पुस्तकाच्या दुकानात येणाऱ्याला मात्र आपल्याला काय हवे आहे हे पुष्कळदा ठाऊकच नसते. ते सांगू शकणारा जाणकार विक्रेता हीच त्या दुकानाची खरी मिळकत होय.

याहून घातक निर्णय २००१ मध्ये झाला. इंटरनेटवरील आपली सारी विक्री कंपनीने अॅमेझॉनकडे सोपविली आणि २००८ पर्यंत ती त्याच हाती राहू दिली. आपल्या गिऱ्हाइकाला प्रतिस्पर्ध्याच्या दारात आपणच नेऊन सोडावे, असा हा प्रकार होता. मधल्या काळात स्वतःचेच समभाग परत विकत घेण्यावर पैसा खर्च झाला आणि कर्ज वाढत गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. जुलैत सर्व काही विकून टाकण्याचे ठरले, तेव्हा ३९९ दुकाने उरली होती आणि सुमारे १०,७०० नोकर. निर्णय घेणारे बरेच जण त्याआधीच एकेक करून पदावरून गेले होते.

त्याच वर्षी ब्रिटनमधील वॉटरस्टोन्स ही दुकानांची साखळीही डबघाईला आली होती. तिची सूत्रे लंडनमध्ये स्वतःची मोजकी दुकाने चालविणाऱ्या जेम्स डाँट यांच्याकडे देण्यात आली. दर्शनी जागेसाठी प्रकाशकांकडून पैसे घेणे त्यांनी बंद केले आणि कोणते पुस्तक कोठे मांडायचे, हे ठरविण्याचा अधिकार त्या त्या दुकानातील माणसांना दिला. २०१६ पर्यंत कंपनी नफ्यात आली. इंटरनेट तर तेच होते!

डाँट यांना देवत्व देण्याचे मात्र कारण नाही. त्यांच्या फेररचनेत २०१३ साली अनेक दुकान-व्यवस्थापकांना जावे लागले. २०१९ मध्ये विक्रेत्यांनी निर्वाहापुरते वेतन मागितले, तेव्हा ते परवडत नसल्याचे उत्तर त्यांना मिळाले. ज्याच्या जाणकारीवर दुकान उभे राहिले, त्याच्या हातात पगार तुटपुंजाच पडावा, हे न पटणारे आहे.

बार्न्स अँड नोबल या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या साखळीनेही २०१८ मध्ये सुमारे १,८०० पूर्णवेळ नोकरांना काढून टाकून खर्च वाचविण्याचा मार्ग पत्करला होता. पुढच्याच वर्षी ती विकली गेली आणि डाँट यांच्याकडे आली. २०२४ मध्ये तिने पन्नासांहून अधिक नवी दुकाने उघडली. या दोन्ही साखळ्या विकत घेतल्या त्या इलियट या गुंतवणूक संस्थेने. अशा संस्था धंदा सुधारून कधी तरी विकण्यासाठीच घेत असतात. ती वेळ येईल तेव्हा पुस्तके निवडण्याचा अधिकार दुकानातच राहील की पुन्हा मुख्य कचेरीत जाईल, याचा करार कोणाशीही झालेला नाही.