पदविका हाती, जागा कुठे?

निफाडच्या तहसील कचेरीत किंवा न्यायालयात खेटे घालणाऱ्या प्रत्येकाला वकीलच हवा असतो असे नाही. अर्ज कोणाकडे करायचा, सोबत कोणते कागद जोडायचे आणि मुदत किती, एवढेच अनेकांना समजून घ्यायचे असते. तालुक्याच्या ठिकाणी हे काम वर्षानुवर्षे मुद्रांक विक्रेते, दस्तलेखक आणि टंकलेखक करीत आले. त्यांना व्यवहार ठाऊक असतो, परंतु कायदा समजावून सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर नसते. विद्यापीठांचा पॅरालीगल अभ्यासक्रम नेमकी हीच उणीव भरून काढण्यासाठी आहे. मात्र तो पूर्ण करणाऱ्या तरुण-तरुणींनी पुढे कुठे उभे राहायचे, याचे उत्तर आपल्या व्यवस्थेने अद्याप दिलेले नाही.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने या विषयाची पदविका सुरू केली, ती बारावीनंतर घरबसल्या करता यावी अशा बेताने. न्यायव्यवस्थेची ओळख, दुर्बल घटकांसाठीचे कायदे, ग्रामीण स्थानिक स्वराज्य असे विषय तीत आहेत. शेतीकाम किंवा घरसंसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी, विशेषतः मुलींसाठी, ही सोय मोलाची आहे. रोज नाशिक गाठून महाविद्यालयात बसणे निफाड तालुक्यातील प्रत्येक घराला परवडणारे नाही.

अशा जाणकाराची गरज किती, हे समजण्यासाठी निफाडचा सातबारा आणि निफाडची द्राक्षबाग या दोनच गोष्टी पुरेत. कांद्याचा लिलाव लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत होतो. तेथे वजन, भाव आणि व्यापारी यांची नोंद राहते. द्राक्षाचा सौदा पुष्कळदा बागेतच, बांधावर उभ्या उभ्या ठरतो. माल ट्रकमध्ये भरला जातो, काही रक्कम हातावर पडते आणि उरलेली ‘आठ दिवसांत’ मिळणार असते. व्यापारी परागंदा झाला की शेतकरी पोलिस ठाण्यात येतो, तेव्हा त्याच्या हाती चिठ्ठीचा एखादा तुकडा असतो, कधी तोही नसतो. येथे निष्णात फौजदारी वकील मिळूनही उपयोग मर्यादितच, कारण पुरावा सौद्याच्या दिवशीच हुकलेला असतो. व्यापाऱ्याची ओळख पटवणारे कागद घ्या, सौदा लेखी करा, पैसे बँकेमार्फत घ्या, हे हंगामापूर्वी गावात येऊन सांगणारा माणूस अधिक उपयोगी ठरतो.

सातबाऱ्याचे दुखणे याहून जुने आहे. वडील गेल्यावर वारसनोंदीची वर्दी तीन महिन्यांत द्यावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे १४९ वे कलम सांगते. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती २००५ मध्ये झाली. ती दुरुस्ती होताना वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. तरीही माहेर तुटू नये म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात. सही करायची की नाही हा त्यांचा प्रश्न. परंतु आपण काय सोडतो आहोत, हे सहीपूर्वी त्यांना कोणी सांगते का?

असे सांगणाऱ्याला कायद्यात जागा आहे, पण ती अगदी चिंचोळी. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिलीचा हक्क सनदधारकांपुरताच ठेवला आहे. हक्क नसताना वकिली करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पदविकाधारकाला न्यायालयात उभे राहता येत नाही, वकिलाच्या हाताखाली मात्र काम करता येते. मोठ्या शहरांतील विधिसंस्थांत अशा मदतनिसांना नोकऱ्या असू शकतात. तालुक्यातील वकिलाचा संसार एका कारकुनावर चालतो, आणि त्याला पदविका लागत नाही. वकिली हेच ध्येय असेल तर ही पदविका ते अंतर कमी करीत नाही, कारण दूरस्थ पद्धतीने घेतलेली कायद्याची पदवीदेखील सनदेसाठी ग्राह्य धरली जात नाही.

उरते ती विधी सेवा प्राधिकरणाची वाट. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या १२ व्या कलमानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बंगल्यात राहणारी स्त्रीही याला पात्र आहे, हे शहरातील सुशिक्षितांनाही क्वचितच ठाऊक असते. लोकांना या सेवेपर्यंत पोहोचवण्यासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आणली. शिक्षक, अंगणवाडी सेविका, निवृत्त कर्मचारी, विद्यार्थी, एवढेच नव्हे तर दीर्घ शिक्षा भोगणारे सुशिक्षित बंदीही त्यात येऊ शकतात. योजना चांगलीच आहे. मात्र नेमणुकीसाठी विद्यापीठाची पदविका लागत नाही, प्राधिकरण स्वतःचे प्रशिक्षण देते आणि मोबदला मिळतो तो नेमून दिलेल्या दिवसांच्या मानधनापुरता. एक यंत्रणा शिकवते, दुसरी नेमते, आणि दोघींची एकमेकींशी ओळख नाही, असा हा प्रकार आहे.

ज्या गावात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मले, त्या गावाने तरी हा प्रश्न क्षुल्लक मानू नये. पुण्याच्या सार्वजनिक सभेने लोकांचे तंटे आपसांत मिटवण्यासाठी लवाद न्यायालयाचा प्रयोग केला होता, आणि सभेच्या कार्यात रानडे यांचा वाटा मोठा होता. १८७५ च्या दख्खनमधील दंग्यांनंतर आलेल्या १८७९ च्या शेतकरी कायद्याने गावपातळीवर सलोखा घडवणारे मध्यस्थ नेमले. त्याच कायद्याखाली रानडे यांनी पुढे विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. वकील आणि अशील यांच्यामध्ये आणखी एक विश्वासू माणूस लागतो, ही कल्पना त्यामुळे आपल्याला परकी नाही.

परदेशात या माणसाला नाव आणि परवाना दोन्ही मिळाले. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने २००७ पासून पॅरालीगलना परवाने दिले आणि लहान रकमांच्या दाव्यांत त्यांना स्वतंत्रपणे उभे राहू दिले. आपल्याकडे लगेच तसे व्हावे, असा आग्रह धरणे घाईचे ठरेल. अर्धवट ज्ञानाच्या सल्लागारांची आपल्याकडे आधीच वाण नाही, त्यामुळे वकील संघटनांचा विरोधही सर्वस्वी स्वार्थी म्हणता येणार नाही. पण न्यायालयाबाहेरच्या कामाला हा आक्षेप लागू पडत नाही. तालुका विधी सेवा समितीने स्वयंसेवक निवडताना पदविकाधारकांना प्राधान्य द्यावे आणि विद्यापीठाने प्रात्यक्षिक त्या समितीतच करवून घ्यावे, एवढ्याने सुरुवात होऊ शकेल. यासाठी संसदेपुढे जाण्याचीही गरज नाही.

अभ्यासक्रमाच्या बाजूनेही काही हिशेब चुकते करावे लागतील. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि कलमांचे आकडे बदलले. जुन्या पुस्तकावर तयार झालेला मदतनीस फिर्यादीला चुकीचे कलम सांगेल. महसुली कागद मराठीत, फेरफार मराठीत, अर्जही मराठीत. म्हणून पाठ्यपुस्तकही मराठीत हवे, आणि त्यात वारसनोंदीचा अर्ज प्रत्यक्ष लिहून घेणारा एक धडा हवा. नाशिकलाच १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ या कामासाठी निफाडला सर्वांत जवळचे आहे. तोवर प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांनी शुल्क भरण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्वयंसेवकांच्या पुढील निवडीची चौकशी करावी. त्या निवडीचे प्रशिक्षण प्राधिकरणच देते.