पोटात दुखते म्हणजे पाळीच असेल?

(बंधूंनीही वाचावे, खरे तर त्यांनीच आधी.)

वयात आलेल्या मुलीच्या ओटीपोटात दुखू लागले की आपल्याकडे उत्तर ठरलेले असते : पाळीचे असेल, गरम पाण्याची पिशवी घे. बहुधा ते खरेही असते. पण सोबत ताप, उलट्या, वास येणारा स्राव असेल किंवा पाळी संपूनही दुखणे राहिले, तर गर्भाशयाला व बीजवाहक नलिकांना जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. अपेंडिक्सही असू शकते. म्हणजे थांबणे दोन्हीकडून वाईट. वेळेवर ओळखल्यास साधारण दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिक्सने संसर्ग बरा होतो, मात्र गोळ्या मध्येच सोडू नयेत. उशीर झाला तर नलिका चिकटतात, आणि ते कळते लग्नानंतर.

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रिया व मुलींची पाहणी केली. १९८९ साली ती 'लॅन्सेट'मध्ये आली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होता. आधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. इथे एदोगावात फुजिन्का, म्हणजे स्त्रीरोगाचा दवाखाना, आहे. एप्रिल २०२३ पासून हायस्कूलच्या वयापर्यंत विम्यातल्या उपचारांचा आपला वाटाही वॉर्ड भरतो. मग अडते कुठे?

माझ्या मते, दुभाष्यापाशी. घरात जपानी बहुधा वडिलांना येते, म्हणून तेच सोबत जातात. हा संसर्ग पुष्कळदा शरीरसंबंधातून, क्लॅमिडियासारख्या जंतूंमुळे होतो, त्यामुळे डॉक्टर त्याविषयी विचारणारच. तो प्रश्न वडिलांनी भाषांतर करून विचारला तर मुलगी काय सांगेल? मंडळातली ओळखीची मावशीही नको, स्पष्टच लिहिते. मुलीला जपानी किंवा डॉक्टरांना इंग्रजी येत असेल तर तिला एकटीला बोलू द्यावे. नाहीतर फोनवरच्या दुभाष्याची सोय आहे का, हे आधी विचारावे. आतून तपासणीची भीती वाटत असेल तर तसे सांगावे, पोटावरून सोनोग्राफी करता येते.

आणखी एक. शरीरसंबंध नसतानाही क्षयाचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे नलिकांपर्यंत पोहोचतात. भारतात हे नवीन नाही; जपानमध्ये क्षय आता कमी, त्यामुळे इथल्या डॉक्टरांच्या ते चटकन मनात येईलच असे नाही. उपचारही वेगळा, किमान सहा महिन्यांचा. तेव्हा मुलगी भारतात किती वर्षे होती, घरात कुणाला क्षय झाला होता का, हे कागदावर लिहून तिच्याजवळ द्यावे.

— एक सभासद भगिनी