स्वस्ताईचें देशांतर

आमच्या एका मावसभावानें गेल्या दिवाळींत अमेरिकेहून आम्हांस तीन रकान्यांचा एक कागद पाठविला. तिकडे जाऊन त्यास पस्तीस वर्षें झालीं. आतां तो नोकरींतून निवृत्त होणार. पहिल्या रकान्यांत पोर्तुगाल, दुसऱ्यांत थायलंड आणि तिसऱ्यांत 'बेलापूर, नवी मुंबई' असें लिहून प्रत्येकाखालीं घरभाडें, मोलकरणीचा पगार, दांताच्या वैद्याची फी व गुडघा बदलण्याचा खर्च हे आंकडे ओळीनें मांडले होते. बेरीज तिसऱ्या रकान्याची सर्वांत कमी आली. खालीं प्रश्न होता : "दादा, तुमचें मत काय?"

हा कागद एकट्या आमच्या भावाचा असता तर त्याचें उत्तर टपालानें देऊन आम्ही स्वस्थ बसलों असतों. परंतु आज परदेशस्थ मराठी कुटुंबांतून असे कागद घरोघर तयार होत आहेत, आणि येथील सुशिक्षित मंडळी त्यांकडे कौतुकानें पाहून "आपला देश किती स्वस्त आहे पाहा!" असें अभिमानानें म्हणत आहेत. तो अभिमान आम्हांस खोटा वाटतो.

प्रथम प्रतिपक्षाचें जें खरें आहे तें मान्य केलें पाहिजे. अमेरिकेंतील औषधोपचार सामान्य माणसाचा कणा मोडणारा आहे, ही गोष्ट तेथील लोकच सांगतात. इंग्लंडांत ५ जुलै १९४८ पासून सर्वांसाठीं सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली खरी. पण तेथेंही शस्त्रक्रियेसाठीं रांगेंत तिष्ठत बसण्याची पाळी हल्लीं अनेकांवर येते. अशा स्थितींत म्हाताऱ्या माणसानें जन्मभूमीकडे पाहिलें तर त्यास दोष देणारे आम्ही कोण? घरीं परत येणाऱ्यास दार उघडणें हा आमचा धर्मच आहे. आमचें भांडण माणसाशीं नाहीं. त्या तिसऱ्या रकान्याशीं आहे. ज्या गांवाचें नांव त्या रकान्याच्या डोक्यावर आहे, त्या गांवास तो कधीं विचारून भरला काय?

म्हणून वाचकांस आम्ही बेलापुरास, आणि तेथेंही दिवाळ्यास घेऊन जातों. पनवेलच्या खाडीकांठचें हें कोळ्यांचें गांव. एका बाजूस सिडकोचें व महापालिकेचें मुख्यालय, उंच कचेऱ्या, रुंद रस्ते. दुसऱ्या बाजूस होड्या, वाळत घातलेलीं जाळीं आणि मासळीचा बाजार. मार्च १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली आणि मुंबईचा भार हलका करण्यासाठीं ९५ गांवांच्या जमिनींवर नवें शहर वसविण्याचें ठरलें. १९७३ सालीं वाशीच्या खाडीवर पूल झाला. १९९२ सालीं वाशीपर्यंत आगगाडी आली. गिरगांव, परळ, दादर येथें दोन खोल्यांत कोंडलेलीं कुटुंबें येथें आलीं, कारण येथें घर परवडे. म्हणजे हें शहर जन्मलेंच मुळीं स्वस्ताईच्या पोटीं.

परंतु ही स्वस्ताई कोणी तरी आपल्या पदरची घातली होती. जमीन स्वस्त घेतली म्हणून घर स्वस्त झालें. आणि जमीन स्वस्त घेतली ती आगरी, कोळी व इतर भूमिपुत्रांकडून. जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांतील जासई व नवघरच्या परिसरांत त्यांनीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं मोबदल्यासाठीं उठाव केला, तेव्हां गोळीबारांत पांच माणसें बळी पडलीं. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना निघाली ती त्यानंतर. शेतकऱ्याजवळ निदान सातबारा तरी होता. कोळ्याजवळ काय होतें? खाडीचा सातबारा नसतो. भराव पडला, सांडपाणी वाढलें, मासळी दूर गेली, आणि त्या नुकसानीचा टक्का कोणत्या योजनेंत मोजावयाचा हें ठरविणें शेतजमिनीइतकें सोपें कधींच नव्हतें.

पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. ज्या सिडकोनें मुंबईच्या मध्यमवर्गासाठीं घरें बांधलीं, त्याच सिडकोनें जवळच पामबीच मार्गालगत अनिवासी भारतीयांसाठीं टोलेजंग वसाहत उभारली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं पलीकडे नव्या विमानतळाचें उद्घाटन झालें. त्यासाठींही दहा गांवांस आपली जागा सोडावी लागली. भाव चढत गेले. आज स्थिति अशी आहे कीं, १९८५ सालीं परळ सोडून बेलापुरास आलेल्या कारकुनाच्या मुलास त्याच बेलापुरांत घर घेणें जमत नाहीं. तो उलवें, पनवेल, कर्जत असा पुढें पुढें सरकत आहे. आणि दिवाळ्याचा कोळी? त्यास सरकावयास पुढें फक्त पाणी आहे.

यावरून आम्ही जो सिद्धान्त काढतों तो असा : जो केवळ स्वस्ताईच्या शोधांत निघतो, तो आपल्याबरोबर महागाई घेऊन जातो. तो पोंचतो तेव्हां गांव त्याला स्वस्त असतें. त्याच्यासारखे दहा हजार पोंचले म्हणजे तें गांवकऱ्यांस महाग होतें. ही कांहीं एकट्या बेलापूरची कथा नव्हे. पोर्तुगालनें २०१२ सालीं घर खरेदी करणाऱ्या परकीयांस वास्तव्याचा परवाना देण्याची योजना काढली. पुढच्या दहा वर्षांत लिस्बनमधील घरांचे भाव व भाडीं स्थानिक शिक्षकास, परिचारिकेस झेपेनाशीं झालीं. परकीय पैसा हें त्याचें एकमेव कारण नव्हतें. पण २०२३ सालीं लोक रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षीं घरखरेदीची ती वाट सरकारास बंद करावी लागली. आमच्या भावाचा पहिला रकाना असा आहे.

आतां औषधोपचाराच्या स्वस्ताईकडे वळूं. बेलापूरच्याच हद्दीत २०१६ सालीं अपोलोचें मोठें रुग्णालय उघडलें. अशा रुग्णालयांतून देशोदेशींचे रोगी येतात आणि आमचे शल्यवैद्य कौशल्यांत कोणास हार जाणार नाहींत, याचा आम्हांसही आनंद आहे. 'हील इन इंडिया' ही घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पांतही दुमदुमली. परंतु येथला गुडघा तिकडच्यापेक्षां स्वस्त कां? आमचें लोखंड स्वस्त म्हणून कीं आमची विद्या हलकी म्हणून? नव्हे. रात्रपाळी करणारी परिचारिका, फरशी पुसणारी बाई, खाट ढकलणारा पोरगा यांचे पगार कमी म्हणून. आणि हा स्वस्त गुडघा स्वस्त कोणास? डॉलर अथवा पौंड खिशांत असणाऱ्यास. मासळीची पाटी डोक्यावर घेणाऱ्या बाईच्या झिजलेल्या गुडघ्यास तोच खर्च डोंगराएवढा आहे. एकच किंमत एकास विनोद आणि दुसऱ्यास कर्ज वाटावें, यांत अभिमान बाळगण्याजोगें काय आहे?

यावर कोणी म्हणतील, "परदेशस्थ मंडळी पैसा आणतात, त्यांतून रोजगार निघतो, रुग्णालयें सुधारतात, मग तुमचें पोट कां दुखतें?" हा आक्षेप पोकळ नाहीं. परंतु पैसा आला म्हणजे तो गरजेकडे वाहतो असें नव्हे. तो मागणीकडे वाहतो. जेथें सांधे बदलून घेणारा पैसेवाला येतो तेथें सांध्यांचा विभाग निघतो; खोकणाऱ्या खलाशासाठीं दवाखाना निघावयास कररूपी पैसा व लोकमत लागतें. आणि हे दोन्ही ज्यांनीं पुरवावयाचे, तो सुशिक्षित वर्ग स्वतःपुरती सोय झाली कीं मुका होतो.

आमच्या भावाच्या हिताच्या दृष्टीनेंही हा हिशेब पुरा नाहीं. अमेरिकेची 'मेडिकेअर' योजना त्या देशाबाहेरील उपचारांचा खर्च सहसा देत नाहीं. आणि तिचा ऐच्छिक भाग सोडून देऊन कांहीं वर्षांनीं परत घेऊं पाहणाऱ्यास कायमचा वाढीव हप्ता भरावा लागतो. इंग्लंडांतील मोफत सेवा तेथें कायम राहणाऱ्यासाठीं आहे. आणि भारतांत येऊन राहिलेल्याचें ब्रिटिश सरकारी निवृत्तिवेतन पुढें दरसाल वाढत नाहीं, जागच्या जागीं गोठतें. मलेशियानें परकीय वृद्धांना बोलावण्याच्या योजनेच्या अटी २०२१ सालीं एकाएकी फार कडक केल्या व पुढें पुन्हा बदलल्या. येथें २०२४ पासून पासष्टीनंतर नवा आरोग्यविमा घेण्याची आडकाठी निघाली खरी; तरी जुन्या दुखण्यांसाठीं तीन वर्षांपर्यंत वाट पाहावी लागूं शकते. तात्पर्य, स्वस्ताई ही दुसऱ्याच्या मर्जीवर मिळालेली वस्तु आहे. हक्क म्हातारपणीं आधार देतो. सवलत देत नाहीं.

मग उपाय काय? उपाय जुनाच आहे आणि तो आमच्याच मातींतला आहे. १९४३ सालीं नेमलेल्या आरोग्य समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा. पैसे देण्याची ऐपत नाहीं एवढ्याच कारणानें कोणीही उपचारांस मुकूं नये, हें तत्त्व त्या समितीनें १९४६ च्या आपल्या अहवालांत मांडलें. त्यास आतां आठ दशकें होत आलीं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें राष्ट्रीय उत्पन्नाचा अडीच टक्के भाग २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्चासाठीं द्यावयाचें ठरविलें. तें साल उलटून गेलें, मजल गांठली गेली नाहीं. महाराष्ट्रानें २०१२ सालीं जीवनदायी योजना आणली. २०१७ सालीं तिला महात्मा जोतिबा फुल्यांचें नांव दिलें, आणि २०२३ सालीं ती सर्व कुटुंबांस लागू करण्याचा निर्णय केला. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकास पांच लक्ष रुपयांपर्यंत उपचारांचें संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळालें. खासगी रुग्णालयांनीं रुग्णांच्या हक्कांची सनद व दरपत्रक लावावें, असे नियम राज्यानें २०२१ सालीं केले. आमच्या वाचकांपैकीं किती जणांनीं तो फलक उभें राहून वाचला आहे? किती जणांनीं तो नसल्यास विचारणा केली आहे?

येथें अपराध एकट्या परदेशस्थांचा नाहीं, आमचाही आहे. आम्हीं प्रथम पालिकेची शाळा सोडली, मग पालिकेचा दवाखाना सोडला, मग सरकारी रुग्णालयाचें नांव काढणेंही कमीपणाचें मानलें. ज्यांस अर्ज लिहितां येतो, प्रश्न विचारतां येतो, वर्तमानपत्रांत तक्रार छापून आणतां येते, ते सारे निघून गेल्यावर त्या संस्थांत गाऱ्हाणें मांडणारा कोण उरला? पालिकेच्या दवाखान्याची पायरी उतरून आम्हीं जो प्रवास सुरू केला, त्याचेंच शेवटचें स्थानक आतां कोणी लिस्बन तर कोणी बँकॉक म्हणतो, आणि परदेशांतला कोणी बेलापूर म्हणतो. गाडी एकच आहे.

पूर्वींही आमचे लोक घर सोडून जात. कोंकणांतला चाकरमानी गिरणींत गेला. बोटीवरचा खलाशी एडनपर्यंत गेला. पण ते मिळवावयास जात, आणि मनिऑर्डर घरीं येई. आतांचा प्रवासी खर्चावयास निघतो, आणि जेथें खर्च कमी तें त्याचें घर. घराची याहून दरिद्री व्याख्या आम्हीं ऐकलेली नाहीं.

आमच्या भावास आम्हीं कळविलें तें येणेंप्रमाणें : "ये, अवश्य ये. परंतु तिसरा रकाना फाडून ये. येथें गिऱ्हाईक म्हणून येशील तर तुझ्या पैशानें आमची पोरें आणखी एक स्थानक पुढें जातील. शेजारी म्हणून येशील तर पालिकेच्या दवाखान्यांत आमच्याबरोबर रांगेंत उभा राहा, औषध नसेल तर आमच्याबरोबर अर्जावर सही कर, आणि मोलकरणीचा पगार आंकड्यांच्या बेरजेंत कमी दिसावा अशी इच्छा धरूं नकोस."

हें पत्र टाकण्यापूर्वीं आम्ही दिवाळ्याच्या बाजारांत गेलों होतों. ओळखीच्या एका वृद्ध कोळिणीस तो कागद सहज वाचून दाखविला. सुरी न थांबवितां तिनें सारे आंकडे ऐकून घेतले आणि एवढेंच विचारलें, "ते समदं ठीक आहे, भाऊ, पन आजारी पडल्यावर उशाशी बसनार कोन?" तीन रकान्यांत त्या प्रश्नासाठीं जागा नव्हती. दिवाळ्याचे कोळी दर दिवाळींत आपल्या बहिरीदेवास समुद्रांतून वाजतगाजत गांवांत आणतात आणि सण झाला कीं पुन्हा समुद्रांत पोंचवितात. त्या देवास गांवाची जागा स्वस्त पडते म्हणून तो येत नाहीं. वाट पाहणारे कोणी आहेत म्हणून येतो.