दुभाष्याचा पगार कोणी द्यावयाचा?

पोलादी बांधकामाचा आराखडा करण्याचे महागडे सॉफ्टवेअर मलकापूरच्या कोलते अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या शेतमजुराच्या मुलाने कोठून आणावे? या प्रश्नाला एक सार्वजनिक उत्तर उपलब्ध आहे. केंद्र शासनाच्या शिक्षण खात्याच्या पैशातून मुंबईच्या आयआयटीत ‘ऑसडॅग’ तयार झाले. ‘आयएस ८०० : २००७’ या भारतीय मानकानुसार ते गणित करते, विनामूल्य मिळते आणि विंडोजप्रमाणेच उबुंटूवरही चालते. जुन्या संगणकावर उबुंटू घालून भागविणाऱ्याला या शेवटच्या गोष्टीचे मोल विचारावे.

ती आपोआप घडत नाही. ऑसडॅग पायथॉन भाषेत लिहिलेले आहे. पण पडद्यावरील खिडक्या नि बटणे पायथॉन स्वतः काढीत नाही. ते काम ‘क्यूट’ नावाचा, दुसऱ्याच भाषेत रचलेला संच करतो. दोहोंमध्ये दुभाष्याचा एक थर लागतो. तो प्रत्येक संचालन प्रणालीसाठी वेगळा बांधावा नि तपासावा लागतो. क्यूट बदलले वा पायथॉन बदलले, की पुन्हा तेच. या श्रमांना ‘किरकोळ देखभाल’ म्हणतात. नळगंगेच्या पाटचाऱ्या साफ ठेवणाऱ्यांचा सत्कार झाल्याचे तरी कोठे ऐकिवात आहे?

भांडवलाच्या लहरीवर हा दुभाष्या सोडला म्हणजे काय होते, ते घडून गेलेले आहे. ‘पायक्यूट’ हा जुना दुवा एका छोट्या ब्रिटिश कंपनीचा. २००८ साली क्यूटची मालकी घेतलेल्या नोकियाला त्याचा परवाना अधिक सैल हवा होता. बोलणी फिसकटली, तेव्हा २००९ साली तिने स्वतःचा ‘पायसाइड’ काढला. २०१२ साली तिने क्यूटच विकून टाकले. त्याच डिसेंबरात क्यूटची पाचवी आवृत्ती आली. तिच्यासाठी पायसाइडचे अधिकृत प्रकाशन व्हावयास २०१८चा डिसेंबर उजाडला. सहा वर्षे! मधल्या काळात पायक्यूट चालू राहिले, याचे श्रेय त्या छोट्या कंपनीला दिलेच पाहिजे. परंतु सार्वजनिक शिक्षणाने अशा योगायोगावर विसंबावे काय?

मुक्त परवाना मिळाला की काम संपले, असे आपल्यातील अनेक मित्र मानतात. ते मला पटत नाही. परवान्यामुळे पायसाइड कोणाला गिळता आले नाही, हे खरे. पण पगारी हात गेले आणि तो रखडला. आपल्याकडे प्रकल्पाची मुदत संपते तेव्हा निधी संपतो, माणसेही पांगतात. म्हणून सार्वजनिक पैशातून झालेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी देखभालीच्या कायम जागा मंजूर व्हावयास हव्यात, आणि त्यातला काही वाटा ज्यांच्यावर ते उभे आहे त्या दुव्यांच्या दुरुस्तीला द्यावयास हवा. कोलते महाविद्यालय अमरावती विद्यापीठाला संलग्न आहे. तेथील अधिसभेत हा ठराव आपल्या साथींना मांडता येईल.