शिक्षणाच्या नावाखाली बिनपगारी उमेदवारी

मराठीत ‘उमेदवारी करणे’ हा शब्दप्रयोग जुना आहे. मामलेदार कचेरीत किंवा वकिलाच्या बैठकीत पगाराविना कागद लिहीत बसावयाचे, साहेबाची मर्जी सांभाळावयाची आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहावयाची, याला उमेदवारी म्हणत. त्यात पिळवणूक होतीच. पण निदान शब्द प्रामाणिक होता. उमेदवार काम करतो, त्याला पगार मिळत नाही आणि तो नोकरीच्या आशेवर बसला आहे, हे सर्वांना ठाऊक असे. आज हाच व्यवहार ‘इंटर्नशिप’ या नावाने महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात येऊन बसला आहे. आता कामाला शिक्षण म्हणतात, पगाराऐवजी श्रेयांक मिळतात आणि नोकरीची आशा धरू नये असे अगोदरच बजावले जाते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इंटर्नशिपवर भर दिला. महाराष्ट्रात त्याला अनुसरून पदवीच्या तिसऱ्या वर्षात प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाचे, म्हणजे ज्याला विद्यार्थी ‘ओजेटी’ म्हणतात त्याचे, चार श्रेयांक ठेवण्यात आले. तासांत सांगावयाचे तर १२०. यावर टीका केली की लगेच प्रश्न येतो : पुस्तकी शिक्षणापेक्षा हे बरे नव्हे काय? शिक्षण आणि उत्पादक श्रम यांची सांगड घालावी हा विचार कंपन्यांच्या संचालकांनी शोधून काढलेला नाही. १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यातील दहा मागण्यांपैकी शेवटच्या मागणीत तो आहे. १९३७ साली वर्ध्यात मांडल्या गेलेल्या नई तालीमच्या मुळाशीही तो आहे. तेव्हा वाद सांगडीविषयी नाही. ही सांगड कोणाच्या हितासाठी आणि कोणाच्या खर्चाने घातली जाते, हा वाद आहे.

तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने जिल्ह्याच्या शहरात शिकावयास येणारी, वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षातील एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशा मुली गावोगाव आहेत. महाविद्यालय तिला सांगते, कार्यालय तुझे तूच शोध. वडिलांच्या ओळखीने एका कर सल्लागाराच्या कचेरीत तिची सोय लागते. पहिल्या दिवशी संगणकापुढे बसवून टॅलीत खरेदीची बिले कशी चढवावयाची हे तिला अर्धा तास दाखविले जाते. त्या अर्ध्या तासात तिचे शिक्षण सुरू होते आणि बहुतांशी संपतेही. त्यानंतर रोज दुकानदारांकडून पिशव्या भरभरून आलेली बिले वेगळी करावयाची, जीएसटी क्रमांक तपासावयाचा, रक्कम चढवावयाची, पुरवठादाराने संकेतस्थळावर दाखविलेल्या बिलाशी ती जुळते की नाही हे पाहावयाचे, आणि जुळत नसेल तर दुकानदाराला फोन करून त्याची बोलणी ऐकून घ्यावयाची. दरमहा विवरणपत्रे भरणाऱ्या व्यापाऱ्यांची विक्रीची मुदत ११ तारखेला आणि करभरण्याची २० तारखेला संपते. या तारखा जवळ आल्या की संध्याकाळची एस.टी. हातची जाते. एकशेवीस तास म्हणजे दिवसाला आठ तास धरले तर पंधरा दिवस. पण ‘दोन महिने आलीस तर प्रमाणपत्र चांगले देऊ’ असे सांगितले जाते, आणि ती येत राहते.

महाविद्यालयाने एक नोंदवही दिलेली असते. ‘आज काय शिकले’ हे रोज तीत लिहावयाचे. पहिले तीनचार दिवस लिहिण्यासारखे काही सापडते, नंतर एकच वाक्य शब्द फिरवून लिहावे लागते. शेवटच्या दिवशी सर्व पानांवर एका बैठकीत सह्या होतात. तिच्या प्रशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या प्राध्यापिका पुष्कळदा स्वतःच तासिका तत्त्वावर असतात. तासाप्रमाणे मानधन घेणारी, पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नसलेली स्त्री, विद्यार्थिनीला काम नीट शिकविले जाते की नाही हे कचेरीच्या मालकाला कोणत्या बळावर विचारणार?

ती काहीच शिकत नाही असे म्हणणे मात्र खोटेपणाचे होईल. कचेरीतील वयस्क हिशेबनीस, ज्यांना ती काका म्हणते, चहाच्या वेळी तिला दोन गोष्टी समजावून सांगतात. तीन वेगवेगळ्या दुकानांची बिले एकाच हस्ताक्षरात असली तर काय समजावे, महिनाअखेरीस अचानक मोठी खरेदी दिसली तर कोणता कागद मागावा, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. पण ही शिकवण कचेरीने योजलेली नाही, आणि तिच्यासाठी काकांच्या पगारात एक रुपयाही वाढलेला नाही. एका कामगाराने दुसऱ्याला दिलेली ती विद्या आहे. गिरणीत नव्या विणकऱ्याला जुना विणकर असेच शिकवीत असे. पण गिरणीमालकालाही त्या विणकऱ्याचा पगार विद्या म्हणून कापून घेण्याची कल्पना सुचली नव्हती.

शिक्षण कोणते आणि श्रम कोणते हे ओळखण्यास फार मोठ्या शास्त्राची गरज नाही. शिकणारा गैरहजर राहिला तर नुकसान त्याचे स्वतःचे होते. ही मुलगी विसाव्या तारखेला आली नाही तर सकाळी दहा वाजता मालकाचा फोन येतो. त्या फोनातच सारे उत्तर आहे. शिवाय हे काम ती फुकट करते असे म्हणणेही पुरेसे नाही, कारण ती त्यासाठी पैसे भरते. चार श्रेयांक ज्या सत्राचे, त्या सत्राचे शुल्क विद्यापीठाला पोचलेले असते. एस.टी.त २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे हे खरे. पण दोन महिन्यांचे अर्धे तिकीटही घरच्याच पैशांतून जाते. सुटीत शेतावर किंवा दुकानात काम करून जे चार पैसे तिने मिळविले असते तेही बुडतात. ज्याला हे परवडत नाही तो महाविद्यालयाच्याच एखाद्या विभागात कागद लावून तास भरून काढतो. चांगल्या शहरातील चांगल्या कचेरीची इंटर्नशिप ज्यांच्या वाट्याला येते त्यांच्या घरी सहा महिन्यांचे घरभाडे भरणारे कोणीतरी असते.

येथे एक जुने उदाहरण आठवते. फ्रेडरिक एंगल्स वयाच्या सतराव्या वर्षी, १८३८ मध्ये, ब्रेमेन येथे एका व्यापाऱ्याच्या कचेरीत बिनपगारी उमेदवारी करण्यास गेले. मालक बाहेर गेला की टेबलाखालच्या बियरच्या बाटल्या बाहेर निघत, असे त्यांनी बहिणीला लिहिलेल्या पत्रांवरून दिसते. पण त्यांचे वडील सुती गिरणीचे मालक होते. बिनपगारी उमेदवारी त्यांना परवडली, ती त्यामुळे.

आता कायद्याकडे वळू. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा कामगारांच्या दृष्टीने उणा होता. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असे त्याच्या अठराव्या कलमातच म्हटले आहे. तरीही त्यात लेखी करार होता, करार नोंदविण्याची सक्ती होती, विद्यावेतन होते, कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर होती. आयटीआयमधून रेल्वेच्या कारखान्यात गेलेल्या फिटरला निदान अभ्यासक्रम असे, शेवटी परीक्षा असे. कर सल्लागाराच्या कचेरीतील विद्यार्थिनीकडे महाविद्यालयाच्या एका पत्राशिवाय काहीही नसते. ती या कायद्यातही बसत नाही आणि किमान वेतनाच्या रजिस्टरातही तिचे नाव चढत नाही.

शिकाऊ उमेदवारांची स्थितीही पुढे सरकण्याऐवजी मागे गेली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘कामगार’ या शब्दाची व्याख्या करताना शिकाऊ उमेदवाराला त्यात धरले होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवारांना त्या व्याख्येबाहेर काढले, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सरकारला अशा माणसाला कर्मचारी मानताच येत नाही काय? येते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी हा कर्मचारीच आहे, मग त्याला मोबदला मिळत असो वा नसो. म्हणजे छळाची तक्रार करावयाची असेल तर ती कर्मचारी. पगार मागावयाचा असेल तर विद्यार्थिनी.

सरकारी योजनांनी या प्रथेवर सरकारी शिक्का मारला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत देशातील ५०० अग्रगण्य कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना संधी देण्याची घोषणा होती. पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी ती नाही, शिक्षण संपवून बसलेल्या तरुणांसाठी आहे. महिन्याला ५,००० रुपये. त्यांपैकी ४,५०० सरकारचे आणि ५०० कंपनीचे, तेही सामाजिक दायित्वाच्या निधीतून. देशातील सर्वांत मोठ्या कंपन्यांना एका तरुणाच्या महिन्याभराच्या श्रमाबद्दल स्वतःच्या खिशातून ५०० रुपये पडतात! २०१९ च्या नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरविले होते, हे त्याच सरकारला पाच वर्षांत आठवेनासे झाले. तरुणांनी मात्र हिशेब केला. पहिल्या फेरीत ८२,००० हून अधिक जागा देऊ करण्यात आल्या. प्रत्यक्षात रुजू झाले ते सुमारे ८,७००. परगावी राहून ५,००० रुपयांत खोली, खाणावळ आणि प्रवास भागत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

महाराष्ट्रातील मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ चीच. सहा महिन्यांसाठी बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये. सरकारी कचेऱ्यांतही हे तरुण बसविले गेले. २०२५ मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढली, आणि ती संपत आली तेव्हा कायम करण्याची मागणी घेऊन प्रशिक्षणार्थींना रस्त्यावर यावे लागले. हे प्रशिक्षण होते तर मुदत का वाढवावी लागली? कचेरीला त्यांची गरज होती म्हणून. आणि गरज होती तर जागा का भरल्या नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारांनी फार पूर्वी मागितले आहे. २० मार्च २०१८ रोजी सकाळी माटुंगा आणि दादर यांच्या दरम्यान ते रुळांवर उतरले तेव्हा मुंबईची उपनगरी वाहतूक काही तास ठप्प झाली. प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना इतर बाबी समान असता प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात म्हटले होते. प्राधान्याला अर्थ येण्यासाठी आधी भरती व्हावी लागते. बँकांतही हेच दिसते. स्टेट बँकेने २०२३ मध्ये ६,१६० शिकाऊ उमेदवारांसाठी जाहिरात काढली. मुदत एक वर्षाची, विद्यावेतन १५,००० रुपये. कारकुनांच्या भरतीची मागणी करणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांना हा कशाचा पर्याय आहे हे सांगावे लागत नाही.

फ्रान्समध्ये जुलै २०१४ च्या कायद्याने दोन महिन्यांहून अधिक चालणाऱ्या विद्यार्थी-प्रशिक्षणाला मोबदला सक्तीचा केला आणि कायम जागेचे काम प्रशिक्षणार्थीकडून करवून घेण्यास मनाई केली. तो देश भांडवलशाहीच आहे. तेव्हा लेखी करार, प्रवासखर्चासह विद्यावेतन, इजेची भरपाई आणि कायम जागेवर प्रशिक्षणार्थी बसविण्यास बंदी, एवढे मागणे म्हणजे आकाशातले तारे मागणे नव्हे.

अडचण दुसरीकडे आहे. विद्यार्थी संघटना हा प्रश्न श्रेयांकांचा म्हणून विद्यापीठाच्या दारात नेतात आणि कामगार संघटना तो विद्यार्थ्यांचा म्हणून बाजूला ठेवतात. चारपाच माणसांच्या खाजगी कचेरीत तर संघटना पोचलेलीच नसते; तेथील काका कोणत्याही संघटनेचे सभासद नाहीत. विद्यार्थिनीला त्यांनी मन लावून शिकविले. ती गेल्यावर त्यांनी मालकाकडे पगारवाढीचा विषय काढला, तेव्हा मालकाने सांगितले की, घाई करू नका, पुढच्या सत्रात कॉलेजची आणखी दोन मुले येणार आहेत.