उरलेलं नव्हे, पहिलं

ऑक्टोबरचा पहिला रविवार म्हणजे आमचा आगेरा. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये न्यायच्या, फादर त्यांना आशीर्वाद देतात. गोव्यातलं कणसांचं फेस्त ते हेच. रायला ते 5 ऑगस्टलाच होतं.

गेल्या वर्षी माझ्या हातातली जुडी विकतची होती. आजोबांचं शेत केव्हाच इमारतीखाली गेलंय. फोटो छान आला, पण मिस्सा चालू असताना वाटलं, यात आपलं गेलं काय? पन्नास रुपये!

पहिली पेंढी देणाऱ्याचं बाकी पीक अजून शेतात उभं असतं. परतीचा पाऊस एका रात्रीत ते आडवं करू शकतो. तरी तो आधी देतो. लेवीय 23 मध्ये तर पेंढी अर्पण होईपर्यंत नव्या धान्याची भाकरसुद्धा खायची नाही, असं बजावलंय. मला ट्यूशनचे पहिले तीन हजार मिळाले तेव्हा आधी हेडफोन आले, मग बूट, आणि उरलेले शंभर दानपेटीत. ते दान असेल, प्रथमफळ नक्कीच नाही.

शिवाय अनुवाद 26 मधली टोपली वेदीपुढे ठेवली की काम संपत नाही. लेवी आणि परका यांच्यासोबत आनंद करायचा असतो. आमच्या आगेऱ्याच्या पंगतीत हा परका कुठे असतो? मला तरी दिसलेला नाही.

यंदा फी हातात आली की पहिले पाचशे बाजूला काढणार. आणि शेजारच्या साइटवरच्या बिगारी कुटुंबाला त्या रविवारी जेवायला बोलवायचंय. आईला अजून सांगितलेलं नाही.